पुलाला छप्पर कशासाठी? अमेरिकेतले जुने लाकडी पूल, मोटरहोम आणि एक पावसाळी दिवस

मोटरहोमच्या सहलीत पावसाचा दिवस सगळ्यांत अवघड जातो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. एका मोठ्या गाडीत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर असं सगळं बसवलेलं असतं. ऊन असेल तेव्हा हे घर फक्त झोपण्यापुरतं लागतं, बाकी दिवस बाहेर जातो. पाऊस लागला की मात्र चारपाच माणसं आठ-नऊ मीटर लांबीच्या डब्यात अडकतात. सकाळचा चहा होतो, पत्त्यांचे डाव होतात आणि अकरा वाजेपर्यंत प्रत्येक जण खिडकीबाहेर बघत बसलेला असतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर पार्क काउंटी आहे. तिथे मुक्काम असेल तर अशा दिवशी करण्यासारखं एक चांगलं काम आहे. ते म्हणजे छपराचे पूल बघायला जाणं. ऊन असताना हे पूल फोटोत छान येतात, पण ते असे का बांधले हे पाऊस पडत असतानाच नीट कळतं.

यात एक अडचण आहे. ज्या घरातून माणसं आलेली असतात, ते घर घेऊन यातल्या बहुतेक पुलांवर जाता येत नाही. ते का, हे समजून घेतलं की हे पूल दीडशे वर्षं कसे टिकले याचंही अर्धं उत्तर मिळतं.

एका काउंटीत एवढे पूल कसे?

काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा विभाग. या काउंटीच्या नावातल्या 'पार्क'चा बागेशी संबंध नाही. बेंजामिन पार्क नावाच्या एका जुन्या लोकप्रतिनिधीवरून ते पडलं आहे. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधूनमधून जंगल, आणि या सगळ्यातून वळणं घेत जाणारे मोठे ओढे, असा हा भाग आहे. शुगर क्रीक, बिग रॅकून क्रीक आणि लिटल रॅकून क्रीक हे त्यातले प्रमुख. कागदोपत्री ते ओढे असले, तरी पावसात त्यांचं रूप नदीचं असतं.

एकोणिसाव्या शतकात शेतमाल गिरणीपर्यंत आणि बाजारापर्यंत न्यायचा, तर हे ओढे ओलांडावेच लागत. लोखंड महाग होतं, लाकूड मात्र भरपूर होतं. त्यात या काउंटीला दोन कसबी पूलबांधणारे मिळाले, जे. जे. डॅनियल्स आणि जे. ए. ब्रिटन. इथले बरेचसे पूल या दोघांनी बांधले. आज काउंटीत छपराचे ३१ पूल आहेत आणि काउंटी स्वतःला 'छपराच्या पुलांची जागतिक राजधानी' म्हणवते. १९५७ पासून इथे दर ऑक्टोबरमध्ये या पुलांचा उत्सव भरतो. महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी तो सुरू होतो आणि दहा दिवस चालतो. झाडांची पानं लाल-पिवळी होण्याचा हाच काळ असल्यामुळे तेव्हा रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. निवांत बघायचं असेल तर हे दहा दिवस टाळलेले बरे.

अमेरिकेत एके काळी असे दहा हजारांहून जास्त पूल होते. आता हजारसुद्धा उरलेले नाहीत. बाकीचे पुरात गेले, आगीत गेले, किंवा रस्ता रुंद करताना पाडले गेले.

छप्पर माणसांसाठी की पुलासाठी?

पूल बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. उत्तरंही तऱ्हेतऱ्हेची मिळतात. घोड्यांना खालचं पाणी दिसून त्यांनी बुजू नये म्हणून, बर्फ साठू नये म्हणून, वाटसरूंना आडोसा मिळावा म्हणून. ऐकायला ही कारणं बरी वाटतात. खरं कारण मात्र साधं आहे. छप्पर आहे ते पुलाच्या लाकडासाठी.

नुसत्या पाण्यानं लाकूड कुजत नाही, ते बुरशीमुळे कुजतं, आणि बुरशीला वाढायला ओल लागते. लाकडातलं पाण्याचं प्रमाण साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिलं, तर कुजवणारी बुरशी त्यात तग धरत नाही. उघड्या लाकडी पुलात पावसाचं पाणी सांध्यांमध्ये शिरतं. दोन तुळया जिथे एकमेकींत अडकवलेल्या असतात, तिथे वारा आणि ऊन पोचत नाही आणि ओल महिनोन्‌महिने राहते. सांधे हेच पुलाचं बळ, आणि तेच सगळ्यांत आधी सडतात. त्यामुळे उघडा लाकडी पूल दहा ते वीस वर्षांत निकामी होई. त्याच लाकडावर छप्पर घातलं आणि बाजूंना फळ्या ठोकल्या, की तोच पूल शंभर वर्षं ओलांडू शकतो.

कोकणात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्याआधी घर शाकारायचं, पडवीला झापं लावून झड अडवायची, हा त्याच विचाराचा भाग आहे. वरून येणारा पाऊस कौलं अडवतात, पण वाऱ्याबरोबर तिरकी येणारी झड भिंतीला भिजवते. पुलाच्या बाजूच्या फळ्या ती झड अडवायला असतात.

अमेरिकेतला छपराचा पहिला पूल फिलाडेल्फिया शहरात स्कूलकिल नदीवर झाला. टिमोथी पामर या कारागिरानं बांधलेला हा पूल १८०५ साली वाहतुकीला खुला झाला. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी आग्रह धरला, की एवढा खर्च करून उभारलेलं लाकूड उघड्यावर ठेवू नये. म्हणून मग त्यावर छप्पर चढलं. युरोपात ही युक्ती त्याआधीच माहीत होती. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरातला छपराचा चॅपल ब्रिज मुळात चौदाव्या शतकातला आहे.

बर्फाचं कारण तर उलटंच निघतं. हिवाळ्यात लोक घसरगाडीनं प्रवास करत. घसरगाडीला चाकं नसतात, तिला खाली बर्फ लागतो. छपरामुळे पुलावर बर्फ पडायचा नाही आणि गाडी अडायची. म्हणून बाहेरचा बर्फ फावड्यानं आत आणून पुलावर पसरण्यासाठी माणसं ठेवावी लागत.

आत गेल्यावर काय बघायचं?

पुलाच्या आत पाऊल टाकलं की आधी अंधार जाणवतो आणि मग छपरावरच्या पावसाचा आवाज. नजर सरावली की दोन्ही बाजूंना लाकडाचा भलामोठा सांगाडा दिसायला लागतो. पूल म्हणजे हा सांगाडाच. वरचं छप्पर आणि बाहेरच्या फळ्या हे त्याचे कपडे.

सांगाड्यात उभी, आडवी आणि तिरकी लाकडं त्रिकोणांत जोडलेली असतात. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यात दाबला तर वाकडा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र पट्टी मोडल्याशिवाय आकार सोडत नाही. घराच्या छपराखाली असतो त्या त्रिकोणी सांगाड्याला आपल्याकडे कैची म्हणतात. हा पूलही अशा कैच्यांची रांग आहे. वरून आलेला भार एका लाकडाकडून दुसऱ्याकडे सरकत शेवटी काठावरच्या दगडी आधारांवर उतरतो.

पार्क काउंटीतल्या बहुतेक पुलांत कैच्यांबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेली लाकडाची मोठी कमान. थिओडोर बर या बांधकाम करणाऱ्यानं ही रचना रूढ केली आणि १८१७ साली तिचं पेटंट घेतलं. कमान आणि कैची दोघी मिळून भार वाहतात. त्यामुळे मध्ये खांब न घालता लांब अंतर ओलांडता येतं. १८६१ साली डॅनियल्सनं शुगर क्रीकवर बांधलेला जॅक्सन पूल एकाच झेपेत सुमारे २०० फूट जातो. मध्ये खांब नाही, म्हणजे पुरात वाहून येणारी झाडं अडकायला जागा नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पूल कोणाचा, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याचं तोंड बघायचं. वरची कड गोलसर कमानीची असेल तर तो बहुधा डॅनियल्सच्या पद्धतीचा. वरची कड सपाट आणि कोपरे तिरके कापलेले असतील तर ब्रिटनच्या पद्धतीचा. दोन-तीन पूल बघितले की लहान मुलंही गाडीतूनच नाव सांगायला लागतात.

पावसात आणखी एक गोष्ट तपासता येते. तळाच्या फळ्या कुठपर्यंत ओल्या आहेत ते बघायचं. दोन्ही तोंडांपाशी काही फूट ओल दिसते, त्यापुढे लाकूड कोरडं लागतं. मग काठावरून खाली वाकून कमानीची टोकं बघायची. ती बऱ्याचदा तळाच्या फळ्यांच्या खाली उतरून दगडी आधाराला टेकलेली असतात. तिथे छपराचं संरक्षण पुरत नाही, पाण्याचे शिंतोडे बसतात आणि पानं-माती साठते. दुरुस्तीची पहिली पाळी बहुधा तिथेच येते. छप्पर काय करतं आणि कुठे कमी पडतं, हे या दोन जागा बघितल्या की समजतं.

'चालत न्या' असं का लिहिलंय?

अनेक पुलांच्या तोंडावर रंगानं लिहिलेली एक जुनी सूचना आहे. पूल चालीनं ओलांडा, म्हणजे घोडा दौडवत नेऊ नका. कॉर्निश आणि विंडसर या गावांना जोडणाऱ्या, न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँट राज्यांच्या सीमेवरच्या १८६६ सालच्या प्रसिद्ध पुलावर तर घोडा चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड भरा, असा फलक आहे. त्या काळी दोन डॉलर ही लहान रक्कम नव्हती.

या सूचनेचं कारण पुलाच्या बळाशी जोडलेलं आहे. उभं ओझं पूल शांतपणे पेलतो, पण तेच ओझं आपटत आलं तर लाकडावर आणि सांध्यांवर जास्त ताण येतो. दुडक्या चालीनं जाणारी घोड्यांची जोडी एका तालात पाय टाकते आणि पूल त्या तालावर हलू लागतो. रोज असं झालं तर सांधे सैल होतात. ओझं किती, एवढंच पाहून भागत नाही, ते कसं येतं हेही पाहावं लागतं. आज घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आहेत, पण नियम तोच राहिला आहे. एका वेळी एकच गाडी, आणि तीही हळू.

मोटरहोम पुलावर का न्यायचं नाही?

पहिली अडचण उंचीची. हे पूल गवतानं भरलेली घोडागाडी जाईल अशा बेतानं बांधलेले आहेत. मोटरहोमचा सर्वांत मोठा प्रकार, बससारखा दिसणारा, बारा फुटांच्या आसपास उंच असतो. त्यात छतावरच्या एसीची उंची अनेक जण धरतच नाहीत. शेजारच्या इलिनॉय राज्यात लाँग ग्रोव्ह या गावात छप्पर घातलेला एक जुना पूल आहे. त्याच्याखालून साडेआठ फुटांपर्यंतचीच गाडी जाते. दुरुस्तीनंतर २०२० साली तो पुन्हा खुला झाला. तेव्हापासून उंच वाहनं त्याला पुन्हा पुन्हा धडकली आहेत. दुरुस्तीत पुलाला पोलादी तुळयांचं बळ दिलेलं असल्यामुळे पूल उभा राहतो आणि वाहनांची छपरं फाटतात. सगळे जुने पूल एवढे नशीबवान नसतात.

दुसरी अडचण वजनाची, आणि ती जास्त धोक्याची. उंची निदान डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं मध्यम मोटरहोम भरल्यावर सहा-साडेसहा हजार किलोंपर्यंत जातं. बससारखं असेल तर आठ-दहा हजार किलोंपासून वीस हजारांपर्यंतही. शिवाय विकताना सांगितलेलं वजन बऱ्याचदा रिकाम्या गाडीचं असतं. शंभर गॅलन पाण्याची टाकी भरली की एकट्या पाण्याचेच सुमारे ३८० किलो वाढतात. वर माणसं, सामान, इंधन.

आता पुलावरचा फलक. तिथे टनांचा आकडा असतो, पण अमेरिकेतला टन आपल्या टनापेक्षा लहान आहे. तो २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. 'तीन टन' लिहिलं असेल तर मर्यादा सुमारे २,७२० किलो. साधी मोटार त्यात बसते, मोटरहोम बसत नाही.

हा हिशोब न केल्यानं काय होतं, याचं उदाहरण इंडियानातच आहे. २०१५ च्या नाताळच्या दिवशी राज्याच्या दक्षिण भागातल्या पाओली गावात पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला एक मोठा ट्रक १८८० सालच्या लोखंडी पुलावर चढला. पुलाची मर्यादा सहा टन होती, आणि ट्रक तीसेक टनांचा. पूल ट्रकसकट खाली बसला. सुदैवानं जीव गेला नाही. फलक दिसला होता, पण सहा टन म्हणजे किती पौंड हे नक्की माहीत नव्हतं, असं ट्रक चालवणाऱ्या व्यक्तीनं पोलिसांना सांगितलं. १३५ वर्षं टिकलेला पूल एका गुणाकारापायी काही क्षणांत गेला.

म्हणून मोटरहोमनं फिरणाऱ्यांनी तीन आकडे डॅशबोर्डवर कागदावर लिहून चिकटवावेत. एसीसह उंची, भरलेल्या गाडीचं वजन, आणि एकूण लांबी. तेही फूट आणि पौंड या मापांत, कारण फलकांवर तीच मापं असतात. मोबाइलवरच्या नेहमीच्या नकाशावर विसंबू नये. तो गाडी मोटार आहे असं धरूनच सगळ्यांत जवळचा रस्ता दाखवतो, आणि खेड्यापाड्यात तो रस्ता कधीकधी नेमका जुन्या पुलावरून जातो.

मग पूल बघायचे कसे?

अनुभवी लोक यासाठी मोटरहोमच्या मागे एक लहान मोटार जोडून नेतात. घर तळावर उभं राहतं आणि फिरायला मोटार वापरली जाते. ती सोय नसेल तर इंडियानापोलिसमधून एक दिवस भाड्याची मोटार घेता येते.

मुक्कामासाठी टर्की रन हे राज्य उद्यान सोयीचं आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या उद्यानात विजेची जोडणी असलेला तळ आहे. पहिला पूल बघायला गाडीही लागत नाही. उद्यानाच्या आतच शुगर क्रीकवर १८८२ सालचा नॅरोज पूल आहे. तो ब्रिटननं बांधला. आता त्यावरून फक्त पायी जाता येतं. सकाळी पाऊस रिमझिम असताना तिथे जावं आणि ओल्या-कोरड्या फळ्यांची तपासणी करून बघावी.

मग मोटार काढून उद्यानाच्या पश्चिम कडेच्या कॉक्स फोर्ड पुलाकडे जावं. या पुलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे आधी लोखंडी पूल होता. १९१३ च्या महापुरात तो वाहून गेला. लोखंडाचा जमाना आलेला असतानाही त्या जागी पुन्हा लाकडाचाच पूल बांधला गेला, आणि त्याच पुरात गेलेल्या दुसऱ्या एका पुलाच्या कमानी त्यात वापरल्या गेल्या. लाकडी पुलाचा हा मोठा गुण आहे. त्याचे भाग सुटे करता येतात, बदलता येतात, दुसरीकडे वापरता येतात.

तिथून काउंटीचं मुख्य गाव रॉकव्हिल. पूल बघण्यासाठी पाच वेगवेगळ्या रंगांच्या खुणांचे मार्ग आखलेले आहेत आणि त्यांचा नकाशा गावात मिळतो. पावसाच्या दिवशी एकच मार्ग घ्यावा. सगळे ३१ पूल एका दिवसात उरकायला निघालं, तर शेवटी एकही लक्षात राहत नाही. दक्षिणेकडचा ब्रिजटन पूल बिग रॅकून क्रीकवर आहे. शेजारी बंधारा आणि पिठाची जुनी गिरणी आहे. आग्नेयेला त्याच ओढ्यावर मॅन्सफील्डचा १८६७ सालचा पूल, तिथेही गिरणी. पूल आणि गिरणी जोडीनं का असतात हे इथे कळतं. गिरणीला पाण्याचा जोर हवा असे आणि शेतकऱ्याला गिरणी हवी असे. दोघांच्या मध्ये ओढा होता.

पाऊस असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुलाच्या आत अंधार असतो, म्हणून दिवे लावूनच शिरावं. पूल एकपदरी असतात. समोरची गाडी आधी आली असेल तर थांबावं. ओल्या फळ्यांवर पाय घसरतो आणि चाकंही. पुलाकडे जाणारे बरेच रस्ते खडीचे आहेत, त्यांच्या कडा पावसात खचतात. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरावं. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडू शकतं, फूटभर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना, असं अमेरिकेची हवामान सेवा वर्षानुवर्षं सांगत आहे. पूल उंचावर असतो, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता सखल असतो. म्हणून पाण्यात आधी रस्ता जातो.

छप्पर असूनही पूल का जातात?

छप्पर वरून येणाऱ्या पाण्यापासून वाचवतं. खालून येणाऱ्या पाण्यावर त्याचा इलाज नाही. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळानं अमेरिकेच्या ईशान्य भागात अतोनात पाऊस पाडला. त्या एका दिवसात व्हरमाँटमधला १८७० सालचा बार्टन्सव्हिल पूल आणि न्यूयॉर्क राज्यातला १८५५ सालचा ब्लेनहाइम पूल हे दोन्ही गेले. बार्टन्सव्हिलचा पूल कोसळतानाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्यात सांगाडा मोडण्याच्या आधी त्याच्या टोकाखालचा आधार पाण्यानं खाऊन टाकलेला दिसतो. लाकूड धडधाकट होतं, पायाखालची जमीन गेली.

दुसरा शत्रू आग. आतून कोरडं ठेवलेलं लाकूड बुरशीपासून वाचतं, पण ठिणगीला तेच हवं असतं. पार्क काउंटीतला जेफ्रीज फोर्ड पूल २००२ साली कुणीतरी लावलेल्या आगीत गेला आणि पुन्हा उभा राहिला नाही. १८६८ सालचा ब्रिजटन पूलही २००५ च्या एप्रिलमध्ये असाच जाळला गेला. तो मात्र गावानं सोडून दिला नाही. पैसा, लाकूड आणि श्रम लोकांनी जमवले आणि २००६ साली त्याच जागी, त्याच रचनेचा पूल पुन्हा बांधला.

मग आजचा ब्रिजटन पूल जुना म्हणायचा की नवा? हा प्रश्न तसा प्रत्येक छपराच्या पुलाला लागू होतो. तळाच्या फळ्या झिजतात आणि बदलतात. छप्पर काही दशकांनी नवं होतं. सडलेली तुळई काढून दुसरी घातली जाते. दीडशे वर्षांत आधार, कमान आणि रचना राहते, बाकी पुष्कळसं बदललेलं असतं. गावाला लाकडाच्या वयापेक्षा पूल सांभाळण्याची रीत मोलाची वाटते.

ही रीत मोडली की काय होतं, हे महाराष्ट्रानं अलीकडेच पाहिलं. १५ जून २०२५ रोजी, पावसाळी रविवारी, मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तो पूल धोकादायक असल्याची सूचना आधीच दिलेली होती. इंडियानातला लाकडी पूल आणि मावळातला लोखंडी पूल यांचं वय, सामान आणि काम वेगळं. पण दोघांचीही एक मर्यादा होती आणि ती सांगणारा एक फलक होता.

जुना पूल टिकवण्यात इंजिनिअरचा वाटा असतो, दुरुस्तीसाठी पैसे देणाऱ्या गावाचा असतो, आणि पाहुण्याचाही असतो. पाहुण्याचा वाटा सगळ्यांत स्वस्त आहे. आपल्या गाडीचं वजन माहीत असणं, फलक वाचणं, शंका आली तर गाडी अलीकडे उभी करून पायी जाणं. पावसात त्यासाठी फार तर पन्नास-साठ पावलं भिजावं लागतं. त्यापुढे डोक्यावर पुलाचं छप्पर येतंच.